होमी भाभा आणि कुलाब्यात बनलेला १० केबीचा कॉम्प्युटर

होमी भाभा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? अणुऊर्जा, बीएआरसी, विमान अपघात, आणि हल्ली वेबसिरीजमुळे आणखी थोडं काही. शाळेत सहावीला आणि नववीला बालवैज्ञानिकची परीक्षा दिली असेल तर नाव पाठच झालेलं असतं. पण भारतात बनलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर याच माणसाच्या संस्थेत, त्याच्याच भरवशावर उभा राहिला, हे फार थोड्यांना माहीत असतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही. आमच्या पुस्तकातला कॉम्प्युटरचा इतिहास बॅबेजपासून निघायचा, एनिॲकवर थोडा थांबायचा आणि तिथून थेट पेंटियमवर उडी मारायचा. मधे भारत नावाचं स्टेशनच नव्हतं.

तर आज त्या भाभांची गोष्ट. बॉम्बची चर्चा इथे नाही, ती यूट्यूबवर भरपूर आहे.

मेकॅनिकलला घातलेला मुलगा

जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबई. सुखवस्तू पारशी घर. वडील जहांगीर बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई ही दोराबजी टाटांची पत्नी, म्हणजे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याशी थेट नातं. घरात पुस्तकांची कपाटं आणि पाश्चात्य संगीताच्या रेकॉर्डी. कॅथेड्रल शाळा, मग एल्फिन्स्टन कॉलेज, आणि १९२७ साली केंब्रिज.

घरच्यांचा हिशोब सरळ होता: पोरानं मेकॅनिकल इंजिनिअरिंग करावं, परत यावं आणि टाटांच्या पोलादात कामाला लागावं. पोराचं मन मात्र भौतिकशास्त्रात. आपल्याकडे हे घरोघरी चालतं, तेव्हाही चाललं. भाभांनी वडिलांना पत्र लिहून सांगितलं की मला हे करायचं नाही. वडिलांनी भांडण न करता अट घातली. आधी मेकॅनिकलची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग पुढच्या गणिताच्या शिक्षणाचे पैसे मी देतो. १९३० साली भाभा पहिल्या वर्गात पास झाले आणि वडिलांनी शब्द पाळला. जी मुलं घरच्यांच्या आग्रहानं इंजिनिअरिंगला येतात, त्यांनी ही अट लक्षात ठेवावी, पुढे कामाला येते.

पुढची काही वर्षं केंब्रिज म्हणजे त्या विषयातलं पंढरपूरच होतं. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रुदरफोर्ड होते, आजूबाजूला डिरॅक होते. १९३५ मध्ये भाभांना पीएच.डी. मिळाली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं त्यांनी केलेलं गणित आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं, आणि कणांची टक्कर घडवणाऱ्या मशीनमध्ये टकरी किती झाल्या हे मोजायला ते अजून वापरतात. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासोबत त्यांनी वैश्विक किरणांवर काम केलं. अवकाशातून आलेला एक कण वातावरणात शिरला की त्याचा पुढे कणांचा पाऊस कसा होतो, हे त्यात होतं. हे सगळं कागद-पेन्सिलीचं काम. पण त्याची खातरजमा करायची तर कण मोजावे लागतात, आणि मोजायला यंत्र लागतं. हा मुद्दा धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

थोडं विषयांतर. तुमच्या हातातल्या फोनमधला प्रोसेसर बहुतेक एआरएम जातीचा असेल. त्या एआरएममधला पहिला 'ए' मुळात एकॉर्नचा. एकॉर्न ही केंब्रिजचीच घरगुती कॉम्प्युटर बनवणारी कंपनी. तिचा बीबीसी मायक्रो १९८१ च्या शेवटी आला. पुढे १९८४ च्या सुमारास आपल्या सरकारनं 'क्लास' नावाच्या योजनेत तोच कॉम्प्युटर देशातल्या अडीचशेच्या आसपास शाळांत आणला. इंग्लंडमधली पोरं ज्यावर गेम खेळत बेसिक शिकली त्यावर इथली काही पोरं सर आल्यावर कुलूप उघडून शिकली. मुद्दा असा की केंब्रिजचा धागा आपल्या खिशापर्यंत येतो. भाभांच्या वेळी मात्र तिथेही कॉम्प्युटर नव्हता. तिथलं एडसॅक मशीन १९४९ मध्ये चालू झालं, आणि तोवर भाभांना मुंबईत येऊन चार वर्षं झाली होती.

सुट्टीवर आले आणि अडकले

१९३९ च्या उन्हाळ्यात भाभा सुट्टीसाठी घरी आले. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं आणि परतीचा रस्ता बंद झाला. मग बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नोकरी. तिथे भौतिकशास्त्राचे प्रमुख सी. व्ही. रामन. १९४१ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, भाभा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

युद्ध संपलं असतं तर ते परत केंब्रिजला जाऊ शकत होते, आणि गेले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. पण १२ मार्च १९४४ ला त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मुंबईत मूलभूत संशोधनाची संस्था काढायला पैसे मागितले. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की पुढेमागे देशात अणुशक्ती वापरायची वेळ येईल, तेव्हा जाणकार माणसं परदेशातून मागवावी लागू नयेत, म्हणून ती आत्तापासून तयार करू. हिरोशिमाच्या जवळपास दीड वर्ष आधीचं हे पत्र आहे, आणि तेव्हा देश स्वतंत्रही झालेला नव्हता.

१९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. आधी बंगळुरूत काही महिने, मग मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. तोही भाभांच्या नात्यातलाच. १९४९ ला गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात. शेवटी कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठी आज आहे ती इमारत झाली. तिची पायाभरणी १९५४ ची आणि उद्‌घाटन १९६२ चं, दोन्ही पंडित नेहरूंच्या हस्ते.

भाभांचा स्वभाव असा की इमारतीतली खिडकी, बागेतलं झाड, भिंतीवरचं चित्र, सगळं स्वतः बघणार. स्वतः चित्रं काढायचे. संस्थेच्या दर्शनी भिंतीवरचं भलंमोठं चित्र हुसेन यांचं आहे. बांधकामाच्या आड येणारं जुनं झाड तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावायला लावायचे. लग्न केलं नाही. आता हे सगळं छान वाटतं, पण अशा माणसाच्या हाताखाली काम करणं सोपं नसणार, असं मला आपलं वाटतं.

कण मोजता मोजता कॉम्प्युटर

आता त्या मोजण्याच्या मुद्द्याकडे येऊ. वैश्विक किरणांचा कण डिटेक्टरमधून गेला की विजेचा एक बारीकसा झटका तयार होतो. असे झटके सेकंदाला शेकडो येऊ शकतात. हातानं मोजणं अशक्य. त्यासाठी फ्लिप-फ्लॉप नावाचं सर्किट वापरतात. त्याच्या दोनच अवस्था असतात, उभा किंवा आडवा असं समजा. एक झटका आला की उभा, दुसरा आला की परत आडवा. म्हणजे दर दोन झटक्यांना तो पुढच्याला एक झटका देतो. असे दहा फ्लिप-फ्लॉप रांगेत लावले की १,०२४ पर्यंतचे झटके मोजून होतात.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेल्यांनी हे ओळखलं असेल. हाच बायनरी काउंटर, आणि हेच कॉम्प्युटरच्या पोटातलं मूळ सामान. अणुविज्ञानाची उपकरणं बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटरची अर्धी विद्या आधीच येऊन बसलेली असते. टीआयएफआरमध्ये ही उपकरणं विकत घ्यायला ना परकीय चलन होतं ना वेळ, त्यामुळे पोरं ती स्वतःच बनवत होती. डी. वाय. फडके, ए. एस. राव अशी मंडळी त्या कामात मुरलेली होती. भाभांनी हे हेरलं आणि १९५४ च्या शेवटी ठरलं की पूर्ण आकाराचा, कुठलंही गणित करू शकणारा डिजिटल कॉम्प्युटर इथेच डिझाइन करायचा आणि इथेच बांधायचा.

हे धाडस केवढं मोठं होतं ते समजायला त्याच काळातलं कोलकाता बघा. तिथल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये महालनोबिस यांनी १९५५ मध्ये देशातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर आणला. तो होता एचईसी-२एम, ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन या इंग्रज कंपनीचा माल. अँड्र्यू बूथ नावाच्या माणसाच्या लहान आणि स्वस्त मशीनच्या आराखड्यावरून त्या कंपनीनं तो विकायला काढला होता. महालनोबिसांना पंचवार्षिक योजनेची आकडेमोड तातडीनं करायची होती, म्हणून त्यांनी तयार मशीन घेतलं. त्यात चूक काहीच नाही, गरज असेल तेव्हा माणूस ट्रॅक्टर विकतच आणतो, घरी बनवत बसत नाही.

पण विकत आणलेल्या मशीनची एक गोष्ट आम्ही अंजनगाव सुर्जीची माणसं चांगली जाणतो. आमच्या गावावरून जाणारी शकुंतला रेल्वे, अचलपूर ते मूर्तिजापूर, तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला बनलेलं. १९९४ पर्यंत ती गाडी वाफेवरच ओढली जात होती, आणि लोहमार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही इंग्रज कंपनीकडेच राहिली. इंजिन चाललं, गाडी चालली, लोकांनी प्रवास केला, कापूस मुंबईला गेला. पण त्या इंजिनानं आमच्याकडे इंजिन बनवणारा एकही माणूस तयार केला नाही. यापेक्षा जास्त लांबवत नाही, नाहीतर गाडी १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहापर्यंत मागे जाईल.

भाभांना मशीनपेक्षा मशीन बनवणारी माणसं हवी होती. दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि दोन्हीची किंमत वेगळी मोजावी लागते.

सहा जण आणि एक आराखडा

या कामाचं नेतृत्व मिळालं रंगस्वामी नरसिंहन यांना. जन्म १९२६ चा, मद्रासचे. गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून टेलिकम्युनिकेशन, मग अमेरिकेत कॅलटेकमधून मास्टर्स आणि इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएच.डी. १९५४ मध्ये टीआयएफआरला आले तेव्हा वय २८. म्हणजे आत्ता माझं जे वय आहे जवळपास तेच, आणि मी इथे अँड्रॉइड ॲपमधला एक बटण दोन पिक्सेल डावीकडे सरकवतोय.

टीममध्ये सहाच जण. कोणीही याआधी कॉम्प्युटर बांधलेला नव्हता. आधार होता तो अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये फॉन नॉयमन यांच्या गटानं बनवलेल्या मशीनच्या आराखड्याचा. त्या गटानं आपलं डिझाइन लपवून ठेवलं नव्हतं, अहवाल छापून जगभर वाटले होते. आजच्या भाषेत ओपन सोर्स म्हणा. त्यावरून इस्रायलमध्ये वायझॅक झाला, स्वीडनमध्ये बेस्क, ऑस्ट्रेलियात सिलिॲक, आणि मुंबईत आपलं मशीन. पण आराखडा हाती असणं आणि मशीन चालू होणं यात केवढं अंतर असतं, हे गिटहबवरून कोड उतरवून चालवायला गेलेल्या कोणालाही विचारा.

त्यांनी आधी एक लहान मशीन बनवलं, पायलट मशीन. डिझाइन बरोबर आहे का, भाग एकमेकांशी जमतात का, हे तपासण्यापुरतं. ते १९५६ मध्ये चालू झालं. त्याच वर्षी ४ ऑगस्टला तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली होती, आणि तिची नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही ए. एस. राव आणि त्यांच्या लोकांनी इथेच बनवलेली. भाभांच्या डोक्यात हे दोन उद्योग वेगळे नसावेत. अप्सराचं इंधन मात्र ब्रिटनमधून आलं होतं, हेही सांगून टाकतो. सगळंच स्वदेशी होतं अशी दवंडी पिटायचं कारण नाही.

मग मोठ्या मशीनचं काम लागलं. ते १९६० मध्ये रीतसर कामाला जुंपलं गेलं, आणि नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर, असं लांबलचक पूर्ण नाव.

आत काय होतं?

लोखंडी कपाट, १८ फूट लांब, ८ फूट उंच, अडीच फूट खोल. दोन्ही बाजूंनी दारं, म्हणजे आत हात घालून दुरुस्ती करता यावी. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर.

व्हॉल्व्ह म्हणजे आजोबांच्या रेडिओत लाल-पिवळे पेटायचे ते काचेचे दिवे. आज तुमच्या चिपमध्ये जे काम एक ट्रान्झिस्टर करतो ते तेव्हा एक व्हॉल्व्ह करायचा. फरक इतकाच की व्हॉल्व्ह बल्बसारखा तापतो आणि बल्बसारखाच कधीतरी उडतो. २,७०० बल्ब लावलेल्या लग्नाच्या मांडवात रोज एखादा तरी जाणारच, आणि इथे एक गेला तरी उत्तर चुकतं. असं मशीन चालतं ठेवणं हीच एक विद्या होती.

खरी गंमत मेमरीत होती. टिफ्रॅकमध्ये फेराइट कोअर मेमरी होती, जी त्या काळात अगदी नवी गोष्ट. फेराइट हा काळपट चुंबकीय पदार्थ. त्याच्या ज्वारीच्या दाण्याहून बारीक कड्या करायच्या आणि पोत ओवावी तशा तारांमध्ये ओवायच्या. उभ्या तारा, आडव्या तारा, आणि प्रत्येक छेदावर एक कडी. कडीचं चुंबकत्व एका दिशेनं फिरवलं तर १, उलट्या दिशेनं फिरवलं तर ०.

हजारो कड्यांतून नेमकी एकच कशी निवडायची? एका उभ्या तारेतून अर्धा करंट सोडायचा, एका आडव्या तारेतून अर्धा. अर्ध्या करंटनं कडी हलत नाही. फक्त ज्या कडीत दोन्ही तारा भेटतात तिलाच पूर्ण करंट मिळतो आणि तीच पलटते. गल्ली आणि घर नंबर दोन्ही जुळले तरच पोस्टमन दार वाजवतो, तसं.

वाचायची तऱ्हा आणखी मजेशीर. कडीत काय आहे हे नुसतं बघता येत नाही. तिला शून्याकडे ढकलायचं. ती पलटली तर तिसऱ्या एका तारेत बारीक झटका येतो, म्हणजे आधी १ होता. पण वाचण्याच्या नादात तो १ पुसला गेला, म्हणून लगेच परत लिहायचा. डब्यात साखर आहे का हे बघायला डबा पालथा करायचा आणि निघाली तर पुन्हा भरून ठेवायची, असा कारभार. फायदा एवढा की वीज गेली तरी कड्यांतलं चुंबकत्व जात नाही. लिनक्सवर प्रोग्रॅम कोसळला की 'कोअर डम्प' असा संदेश येतो, त्यातला कोअर म्हणजे हीच कडी. कड्या जाऊन अर्धं शतक झालं, शब्द राहिला.

मेमरी किती? ४० बिटांचे २,०४८ शब्द. गुणाकार करा: ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाईट, म्हणजे बरोबर १० केबी. युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाईट खातं. त्या हिशोबानं तुम्ही वाचताय त्या या लेखाचा जेमतेम पाव भाग टिफ्रॅकच्या मेमरीत मावला असता. तुमच्या फोनला ४ जीबी रॅम असेल तर ती टिफ्रॅकच्या सुमारे ४ लाख १९ हजार पट.

पण त्या १० केबीत शास्त्रज्ञांनी खरी गणितं केली. प्रोग्रॅम शून्य आणि एकच्या भाषेत लिहायचा, कागदी पट्टीला भोकं पाडून आत द्यायचा. उत्तर टेलिप्रिंटरवर. शिवाय आलेख आणि अक्षरं दाखवायला कॅथोड रे ट्यूबचा पडदासुद्धा त्यांनी जोडला होता.

मग हे सगळं फुकट गेलं का?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो, कारण कौतुक करणारे लेख इथेच थांबतात. टिफ्रॅक कामाला लागला तेव्हा जग ट्रान्झिस्टरवर गेलं होतं. आयबीएमनं १९५९ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचं मोठं मशीन ग्राहकांना द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे आपला कॉम्प्युटर जन्माला आला तोच एका पिढीनं म्हातारा. १९६५ पर्यंत तो वापरात राहिला, नंतर बंद. दुसरा टिफ्रॅक कधी बनला नाही. कुठल्या कारखान्यानं तो विकायला काढला नाही.

इतकंच कशाला, स्वतः भाभांच्याच संस्थेनं १९६४ मध्ये अमेरिकन कंपनीचा सीडीसी ३६०० हा कॉम्प्युटर आणला. ट्रान्झिस्टरचं मशीन, ४८ बिटांचा शब्द, फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहिता यायचे. संशोधकांची गरज इतकी वाढली होती की टिफ्रॅकला ती झेपणं शक्य नव्हतं. म्हणजे बनवा म्हणणारा माणूस दहा वर्षांत विकत घ्या म्हणायला लागला का? मला तसं वाटत नाही. एकदा बनवून बघितल्यामुळे काय विकत घ्यायचं आणि कशासाठी, हे त्यांच्या माणसांना कळू लागलं होतं. सेल्समन जे सांगेल त्यावर मान डोलवायची वेळ राहिली नव्हती.

आणि माणसं बघा कुठे गेली. नरसिंहन १९६१ ते १९६४ इलिनॉय विद्यापीठात होते. तिथे इलिॲक-३ नावाच्या मशीनसाठी, चित्रातला आकार यंत्रानं कसा ओळखावा, यावर त्यांनी काम केलं. फोटोतला चेहरा ओळखणाऱ्या तुमच्या गॅलरीच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. परत आले. १९६५ च्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष ते. १९७५ मध्ये निघालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीचे पहिले अध्यक्षही तेच. याच सीएमसीनं पुढे रेल्वे आरक्षणाची कॉम्प्युटर यंत्रणा बनवली, जी १९८६ मध्ये दिल्लीत चालू झाली. आज बडनेऱ्याहून तिकीट काढताना वेटिंग १४ दिसतं ना, त्या व्यवस्थेच्या मुळाशी टिफ्रॅकवाला माणूस आहे. त्यांना १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २००७ मध्ये ते गेले.

भाभांवर एक आक्षेप मला मात्र खरा वाटतो. मेघनाद साहांसारख्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की संशोधन विद्यापीठांत झालं पाहिजे. पैसा आणि माणसं एकाच संस्थेत ओतली की बाकीची कोरडी राहतात. आणि तसं झालंच. कुलाब्यात सीडीसी ३६०० बसला त्याच १९६४ साली अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. या दोन जागांमध्ये सहाशे-सातशे किलोमीटर अंतर असेल, पण कॉम्प्युटरच्या हिशोबानं वीस वर्षं तरी होतं. भाभांनी हिरे शोधून त्यांना उत्तम कोंदण दिलं. खाण रुंद करायचं काम मागे पडलं.

शेवटचा अहवाल

हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. १९६२ च्या चीन युद्धात आपण इलेक्ट्रॉनिक्समध्ये किती मागे आहोत ते उघडं पडलं. ऑगस्ट १९६३ मध्ये सरकारनं इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. अध्यक्ष भाभा, सोबत विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव. रेडिओपासून रडारपर्यंत आणि सुट्या भागांपासून कॉम्प्युटरपर्यंत पुढच्या दहा वर्षांत देशाला काय काय लागेल आणि ते इथे कसं बनवता येईल, याचा हिशोब मांडायचा होता. प्रयोगशाळेतला एक टिफ्रॅक पुरेसा नाही, कारखाने लागतील, इथपर्यंत विचार आला होता.

२४ जानेवारी १९६६ ला भाभा व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरायच्या बेतात असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातले सर्व ११७ जण गेले. भाभांचं वय ५६. ताश्कंदला लालबहादूर शास्त्री जाऊन तेरा दिवस झाले होते, त्यामुळे तेव्हापासून आजतागायत तर्कवितर्क चालूच आहेत. व्हॉट्सॲपवर दर जानेवारीत येतात, मी पुढे पाठवत नाही.

समितीचा अहवाल बाहेर आला तेव्हा अध्यक्ष हयात नव्हते. पण त्यातून कामं निघाली. एप्रिल १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही कंपनी सुरू झाली, सूत्रं ए. एस. रावांकडे. १९६९ मध्ये तिचा टीडीसी-१२ हा कॉम्प्युटर आला. हा ट्रान्झिस्टरचा होता आणि गिऱ्हाइकाला विकायला बनवलेला होता. १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सचं स्वतंत्र खातं झालं आणि पुढच्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्स आयोग.

या आयोगात सत्तरच्या दशकात एक तरुण इंजिनिअर कामाला लागला. शकुंतलेच्या दुसऱ्या टोकाचा, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचा. टिफ्रॅक बंद पडला त्या सुमारास नागपूरच्या व्हीआरसीईतून इंजिनिअर होऊन बाहेर पडलेला. त्याचं नाव विजय भटकर. अमेरिकेनं सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यावर १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांच्या टीमनं परम ८००० बांधला. त्यावर पुढच्या लेखात लिहितो, त्यात ट्रान्सप्युटर नावाची एक चिप येते आणि तीही पुन्हा इंग्लंडचीच निघते.